तोंडातली गाठ काढणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र: काढलेली गाठ फेकू नका, लॅबला पाठवा

सर्व डेंटिस्ट, ओरल सर्जन, ईएनटी सर्जन आणि जनरल सर्जन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी ओरल पॅथॉलॉजिस्ट आहे. तुम्ही तोंडातून काढलेला तुकडा शेवटी माझ्यासारख्या कुणाच्या तरी मायक्रोस्कोपखाली येतो, म्हणजे यायला हवा. पत्र लांब होणार आहे आणि तुमच्या ओपीडीत वेळ नसतो हे मला माहीत आहे, म्हणून मागणं आधीच सांगून टाकते. तोंडातून काढलेली कुठलीही गाठ, कितीही छोटी असो, कितीही साधी दिसो, फॉर्मलिनमध्ये (तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावात) टाकून लॅबला पाठवा आणि सोबतचा फॉर्म नीट भरा. एवढंच. बाकी सगळं पत्र हे मी का मागतेय ते सांगण्यासाठी आहे.

नेहमी ऐकायला मिळतं ते असं, "फायब्रोमाच होता हो, दिसतच होतं, काढला आणि टाकून दिला." किंवा "म्युकोसील होतं, त्यात काय पाठवायचं." आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तुमचा अंदाज बरोबरच असतो. गालाच्या आतून, दात जिथे लागतात त्या रेषेवर आलेली गुलाबी गुळगुळीत गाठ बहुतेक वेळा फायब्रोमाच (तंतूंची साधी गाठ) निघते, खालच्या ओठावरची निळसर, कधी मोठी कधी छोटी होणारी पाण्याची गाठ म्युकोसीलच (साठलेल्या लाळेची गाठ) निघते, हिरडीवरची लालभडक, हात लावला की रक्त येणारी गाठ पायोजेनिक ग्रॅन्युलोमा निघते. तोंडातल्या बहुतेक गाठी या चावल्यामुळे, घासल्यामुळे, दातावरच्या किटणामुळे आलेल्या असतात, त्या खऱ्या अर्थाने ट्यूमर नसतातच. तुमच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही.

अडचण अशी आहे की ज्या दुर्मिळ गाठी आहेत त्यांना वेगळा चेहरा नाही. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, श्वानोमा, न्यूरोफायब्रोमा, लायोमायोमा, ऱ्हॅब्डोमायोमा, मायोफायब्रोमा, सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, यातली बरीचशी मंडळी वरून एकसारखीच दिसतात: सावकाश वाढलेली, न दुखणारी, टणक किंवा रबरासारखी, वरची त्वचा धडधाकट. डोळ्यांना आणि बोटांना यातला फरक कळत नाही. मला कळत नाही, माझ्या सीनियर्सना कळत नव्हता, कुणालाच कळत नाही. फरक आहे तो आत आहे, पेशींमध्ये आहे, आणि तो बघायला तुकडा हातात लागतो. शिवाय 'बिनाइन', म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, हा शब्द आपण क्लिनिकमध्ये जितक्या सहज वापरतो तितका तो सहज सिद्ध होत नाही. फुफ्फुस, किडनी किंवा स्तनाचा कॅन्सर पसरून हिरडीवर आला तर तो हुबेहूब पायोजेनिक ग्रॅन्युलोमासारखा दिसू शकतो, आणि काही पेशंटांमध्ये मूळ कॅन्सरचा पहिला पत्ताच त्या हिरडीवरच्या गाठीतून लागतो. कमी ग्रेडचे काही सार्कोमासुद्धा (स्नायू, चरबी अशा ऊतींचे कॅन्सर) महिनोन्महिने गरीब गाईसारखे वागतात.

आणि फेकलेल्या गाठीचा खरा त्रास नंतर होतो. दोन वर्षांनी तीच गाठ परत येते, पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, ते विचारतात आधी काय निघालं होतं, पेशंट म्हणतो काहीतरी साधं होतं असं सांगितलेलं. रिपोर्ट नाही, ब्लॉक (मेणात बसवून जपलेला तुकडा) नाही, स्लाइड नाही. आता ही फायब्रोमा परत आली की आधीपासूनच दुसरं काही होतं आणि अर्धवट निघालं, हे सांगायला जगात कुणाकडेही पुरावा नाही. पॅराफिनचा ब्लॉक असता तर तोच परत कापून, नवीन मार्कर, म्हणजे पेशी कुठल्या प्रकारच्या ते दाखवणाऱ्या चाचण्या, लावून, अगदी वर्षांनंतरही उत्तर मिळालं असतं. पेशंटचा हा हक्क आपण एका पेडल मारून उघडायच्या डब्यात टाकतो, हे मला फार लागतं.

आता एका गाठीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात सगळं आहे. जिभेच्या वरच्या बाजूला किंवा कडेला आलेली, सेंटिमीटरभर, टणक, फिकट किंवा किंचित पिवळसर गाठ. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. रशियन पॅथॉलॉजिस्ट अब्रिकोसोव्ह यांनी १९२६ साली हिचं वर्णन केलं आणि ती स्नायूपासून होते असं त्यांना वाटलं, म्हणून कितीतरी वर्षं ती मायोब्लास्टोमा म्हणून ओळखली जायची. नंतर कळलं की तिचा संबंध स्नायूशी नाही, नसेभोवती (म्हणजे मज्जातंतूभोवती) असणाऱ्या श्वान पेशींशी आहे, म्हणून एस-१०० आणि सॉक्स१० हे मार्कर तिच्यात पॉझिटिव्ह येतात. स्लाइडवर बघितलं तर मोठमोठ्या फिकट गुलाबी पेशी, आत बारीक दाणे भरलेले, न्यूक्लियस छोटासा, आणि या पेशी जिभेच्या स्नायूंच्या धाग्यांमध्ये घुसलेल्या. ते दाणे म्हणजे लायसोसोम, पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्या.

पण गंमत तिथे नाही, धोका वरच्या थरात आहे. या गाठीच्या वरचं एपिथेलियम, म्हणजे आवरणाचा थर, बऱ्याच वेळा खाली लांब लांब फाटे सोडतं, केराटिनच्या गोल गाठोड्या दिसतात, आणि हे चित्र स्क्वॅमस सेल कॅन्सरसारखं दिसतं. आता समजा तुम्ही वरवरचा पातळ तुकडा घेतला आणि तेवढाच पाठवला, तर त्यात फक्त ते फाटे येणार, खालच्या दाणेदार पेशी येणारच नाहीत, आणि पलीकडे बसलेल्या माणसाने जर विचार न करता कॅन्सर लिहून टाकलं तर पेशंटची अर्धी जीभ जाऊ शकते, एका बिनाइन गाठीपायी. हे पुस्तकातलं भय नाही, ही जुनी, ओळखीची, आजही होऊ शकणारी चूक आहे आणि ती टाळायचे दोनच मार्ग आहेत: तुकडा खोल घ्या, म्हणजे खालचा स्नायू थोडा तरी दिसला पाहिजे, आणि फॉर्मवर लिहा की जिभेच्या वरच्या बाजूला टणक गाठ आहे, वर जखम नाही, बरेच महिने झाले, वाढ सावकाश. एवढं वाचलं की मी कॅन्सर लिहिण्याआधी थांबते आणि खालच्या थराची मागणी करते. जिभेच्या वरच्या बाजूच्या मध्यावर कॅन्सर तसाही क्वचित होतो, त्यामुळे नुसती नेमकी जागा लिहिली तरी माझं अर्धं काम झालं.

फॉर्मचा विषय निघालाच आहे तर बोलूनच घेते. कितीतरी फॉर्म असे येतात की त्यावर लिहिलेलं असतं "ओरल लेजन, ? फायब्रोमा", वय नाही, तोंडात कुठे ते नाही, किती दिवस ते नाही. मी स्लाइड बघते ती पेशंटला न बघता, तुम्ही पेशंट बघता पण स्लाइड न बघता, आपल्या दोघांमध्ये फक्त तो कागद आहे. जागेवरून किती फरक पडतो बघा. खालच्या ओठावर पाण्यासारखी गाठ असली तर म्युकोसील, ठीक. पण वयस्कर माणसाच्या वरच्या ओठात आतल्या बाजूला सरकणारी गोळी लागली तर म्युकोसील म्हणू नका, तिथे म्युकोसील फार क्वचित होतं, तिथे छोट्या लाळग्रंथींच्या ट्यूमरचा विचार आधी करायचा, कॅनालिक्युलर अडेनोमाला तर वरचा ओठच आवडतो. टाळूच्या कडेला मागच्या बाजूला टणक गाठ आली तरी लाळग्रंथीच पहिली. जिभेच्या पुढच्या भागात वरच्या बाजूला, चिकट जेलीसारखी गाठ निघाली तर एक्टोमेसेन्कायमल काँड्रोमिक्सॉइड ट्यूमर, नाव लांबलचक आहे पण गाठ गरीब आहे, १९९५ साली पहिल्यांदा वेगळी ओळखली गेली आणि ती जवळजवळ फक्त जिभेच्या त्याच भागात होते. फॉर्मवर "जीभ, पुढचा भाग, वरची बाजू" लिहिलं नसेल तर हे नाव माझ्या डोक्यात उशिरा येतं, मग मी दहा दुसऱ्या गोष्टी शोधत बसते.

काय लिहायचं? वय, स्त्री की पुरुष, नेमकी जागा आणि डावी-उजवी बाजू, किती काळ आहे, वाढली का आणि किती भराभर, आकार मिलिमीटरमध्ये, रंग, देठावर आहे की पसरट, बोटाला मऊ की टणक की सरकणारी, दुखते का, बधिरपणा आहे का, आधी कधी काढली होती का, अंगावर दुसरीकडे गाठी किंवा डाग आहेत का, काढताना कवच होतं का सहज सुटून आली का चिकटलेली होती. हे शेवटचं फक्त तुम्हालाच माहीत असतं, मला कधीच कळणार नाही. मोबाइलवर काढलेला एक फोटो जोडलात तर दुधात साखर. आणि हो, बाटलीत टाकल्यावर तुकडा वर तरंगला तर तेही लिहा. लायपोमा म्हणजे चरबीची गाठ, ती फॉर्मलिनमध्ये तरंगते, बाकीच्या गाठी तळाला बसतात. बाटली हातात घेतल्या घेतल्या पिवळसर तुकडा वर तरंगताना दिसला की मला स्लाइडच्या आधीच अंदाज येतो, अर्थात स्लाइड बघतेच.

आता नसेच्या गाठींवर येते, आणि माझी विनंती आहे की बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हा भाग वाचा.

नसेपासून होणाऱ्या बिनाइन गाठी तोंडात दिसतात, श्वानोमा, न्यूरोफायब्रोमा, टाळूवर किंवा ओठाजवळ सापडणारा सॉलिटरी सर्कमस्क्राइब्ड न्यूरोमा, मार लागल्यावर किंवा दात काढल्यावर तुटलेल्या नसेच्या टोकाला होणारा ट्रॉमॅटिक न्यूरोमा. श्वानोमाला कवच असतं, स्लाइडवर न्यूक्लियसच्या समोरासमोर दोन रांगा आणि मधे मोकळी जागा असं सुंदर चित्र दिसतं, त्यांना व्हेरोके बॉडी म्हणतात, त्या दिसल्या की मनात शंका उरत नाही. न्यूरोफायब्रोमाला कवच नसतं, तो आसपास पसरतो. आणि हा फरक फक्त आमच्या परीक्षेपुरता नाही. एकटा न्यूरोफायब्रोमा बहुतेक वेळा एकटाच असतो, पण पेशंटच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील, काखेत ठिपके असतील, आणखी गाठी असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ या जनुकीय आजाराचा विचार करावा लागतो आणि त्या पेशंटला आयुष्यभर कुणीतरी लक्ष ठेवणारं लागतं. श्वानोमाचा रिपोर्ट आला तर असा शोध सहसा घ्यावा लागत नाही. दोन्ही गाठी बाहेरून सारख्या, पण पुढची वाट वेगळी.

आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा म्युकोसल न्यूरोमा. एखादं लहान मूल येतं, जिभेच्या टोकाला आणि कडांना तीन-चार छोटे गुलाबी उंचवटे, ओठ जरा जाड, ओठांच्या आतही तसेच मऊ गोळे, कधी पापण्यांच्या कडेलाही. मूल उंच, हातापायांनी लांब, सडपातळ. आई सांगते की तान्हं असताना रडायचं पण डोळ्यांतून पाणी यायचं नाही, पोट साफ होत नाही हे तर जन्मापासून. जिभेवरच्या त्या उंचवट्यांना चावल्यामुळे झालेले फायब्रोमा समजून एक काढला आणि टाकून दिला, तर जे हातातून जातं ते परत मिळत नाही. कारण हे मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेसिया टाइप २बी, म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या ग्रंथींत ट्यूमर होण्याचा जनुकीय आजार, असू शकतं. यात आरईटी जीनमध्ये बदल असतो, बहुसंख्य पेशंटांमध्ये एकाच ठरावीक जागी, कोडॉन ९१८ वर, आणि बऱ्याच वेळा आईवडिलांपैकी कुणालाच तो नसतो, म्हणजे घरात इतिहास नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. या मुलांना थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर जवळजवळ ठरलेला असतो आणि तो फार लहान वयात सुरू होतो, इतका की निदान वेळेत झालं तर थायरॉइड पहिल्या वर्षातच काढून टाकावी असा सल्ला दिला जातो. शिवाय साधारण निम्म्या पेशंटांना पुढे अॅड्रिनल ग्रंथीचा फिओक्रोमोसायटोमा हा ट्यूमर होतो, तो माहीत नसताना भूल दिली तर टेबलावरच ब्लड प्रेशर भयंकर वाढू शकतं.

विचार करा, थायरॉइडच्या कॅन्सरची घंटा कुठे वाजते, तर जिभेच्या टोकावर. आणि ती ऐकू येण्याची जागा म्हणजे तुमची डेंटल चेअर, कारण ते मूल एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनच्या डॉक्टरकडे) जाण्याआधी दात दाखवायला तुमच्याकडे येतं. स्लाइडवर मला नसेच्या जाड, वेड्यावाकड्या गुंडाळ्या दिसतात, भोवती जाडसर आवरण असतं. ते बघून मी लगेच फोन उचलते. पण बाटलीच आली नाही तर मी कुणाला फोन करू?

एक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे, तोंडात गाठी एकापेक्षा जास्त असल्या की तोंडाच्या बाहेर बघायचं. अनेक न्यूरोमा, अनेक न्यूरोफायब्रोमा हे वर आलंच. हिरडीवर आणि तोंडात बरेच फायब्रोमासारखे दाणे असतील तर ट्युबरस स्क्लेरोसिस आणि काउडन सिंड्रोम हे जनुकीय आजार आठवा, काउडनमध्ये पीटीईएन जीनचा दोष असतो आणि स्तन, थायरॉइडच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो.

पुढचा मुद्दा रिपोर्टला उशीर का होतो याचा, कारण त्यावरून तुमची चिडचिड होते आणि ती पेशंटपर्यंत पोचते. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन स्टेनवर, म्हणजे स्लाइडला नेहमी देतो त्या रंगावर, बऱ्याच दुर्मिळ गाठी एकच उत्तर देतात, चरख्यावरच्या चात्यांसारख्या लांबट पेशी, म्हणजे स्पिंडल सेल. त्या नसेच्या आहेत, गुळगुळीत स्नायूच्या आहेत, मायोफायब्रोब्लास्ट आहेत की आणखी कसल्या, हे नुसत्या आकारावरून खात्रीने सांगणं अवघड. मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे मार्कर लावून केलेली तपासणी, लागते. एस-१०० आणि सॉक्स१० नसेकडे बोट दाखवतात, एसएमए आणि डेस्मिन स्नायूकडे, सीडी३४ बऱ्याच ठिकाणी पॉझिटिव्ह येतो म्हणून एकटा भरवशाचा नाही. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, जो तोंडात आला तर बहुतेक गालाच्या आतल्या बाजूला येतो, त्याच्या निदानात २०१३ पासून खूप सोपेपणा आला, कारण त्यात एनएबी२ आणि स्टॅट६ हे दोन जीन जोडले जातात असं कळलं आणि स्टॅट६ मार्कर न्यूक्लियसमध्ये ठळक उमटतो. त्याआधी ही गाठ निरनिराळ्या नावांखाली लपून जायची. आणि हिचं नीट नाव लागणं गरजेचं कारण ती बहुतेक वेळा बरी वागते पण क्वचित वर्षांनी परत येते किंवा पसरते, म्हणजे पेशंटला "झालं, आता यायची गरज नाही" असं सांगता येत नाही.

याच्या अगदी उलट नोड्युलर फॅसायटिस. काही आठवड्यांत भराभर वाढते, स्लाइडवर पेशींची विभागणी खूप दिसते, बघणारा घाबरून सार्कोमा म्हणून बसेल अशी. पण ती बिनाइन आहे, बऱ्याचदा आपोआप जिरूनही जाते. २०११ मध्ये तिच्यात यूएसपी६ जीनची जोडणी सापडली, त्यामुळे आता शंका असली तर तपासता येतं. इथे चुकलो तर एखाद्याचा जबडा, गाल, सगळं उगाच जातं. म्हणून सांगते, रिपोर्टला आठवडाभर जास्त लागला आणि आम्ही "मार्कर लावतोय" असं कळवलं तर पेशंटला सांगा की नीट नाव शोधण्यासाठी वेळ घेतायत. तुम्ही खुर्चीशेजारी बसून शांतपणे सांगितलेलं त्यांना पटतं, आमचा छापील कागद वाचून फक्त धडधड वाढते.

तुकडा कसा घ्यायचा हे तुम्हाला शिकवायला मी कोण, कात्री तुमच्या हातात आहे. पण स्लाइडवर काय पोचतं ते मला दिसतं म्हणून दोन-चार गोष्टी. भूल गाठीच्या आत टोचू नका, बाजूला टोचा, आत टोचली की पेशी पाण्याने फुगून एकमेकींपासून लांब जातात. चिमट्याने गाठ मधोमध दाबून धरू नका, चिरडलेल्या पेशी म्हणजे निळ्या रेघोट्या, त्यातून काही वाचता येत नाही. त्यापेक्षा एक टाका घालून दोऱ्याने उचला. कॉटरी आणि लेसर रक्त थांबवायला छान पण छोट्या गाठीच्या कडा त्यात भाजून निघतात आणि मग कडेपर्यंत गाठ आहे की नाही सांगता येत नाही, जमेल तिथे तुकडा ब्लेडने काढा आणि मग खालची जागा कॉटराइज करा. तुकडा पातळ असला तर आधी जाड कागदावर पसरून मिनिटभर चिकटू द्या आणि मग कागदासकट बाटलीत सोडा, नाहीतर तो गुंडाळतो आणि आम्हाला तिरपे काप मिळतात. बाटली रुंद तोंडाची घ्या. आत दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान दहापट, वीसपट असलं तर उत्तम. सलाइन नको, स्पिरिट नको, नळाचं पाणी तर नकोच. नाव झाकणावर लिहू नका, बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणं बदलतात.

आणि हो, सगळं पाठवा म्हणते म्हणजे सगळं आधी कापा असं म्हणत नाहीये. निळी-जांभळी गाठ असली तर काचेच्या स्लाइडने दाबून बघा, रंग फिका झाला, किंवा बोटाला ठोके लागले, तर थांबा, आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. रक्तवाहिन्यांच्या गाठीत ब्लेड घातलं तर रक्त आवरता आवरत नाही. जिभेच्या मुळाशी अगदी मधोमध गाठ दिसली तर तीही लगेच कापू नका, ती लिंग्वल थायरॉइड असू शकते, गळ्यात खाली न उतरता तिथेच राहिलेली थायरॉइड ग्रंथी, आणि अशा बहुसंख्य पेशंटांत शरीरातली काम करणारी थायरॉइड तेवढीच असते. ती काढली की जन्मभर गोळ्या. आधी स्कॅन.

तसंच नवजात बाळाच्या हिरडीवरची गाठ, कन्जेनिटल एप्युलिस. नॉयमान यांनी १८७१ मध्ये पहिल्यांदा नोंदवलेली, जास्त करून मुलींमध्ये आणि वरच्या हिरडीच्या पुढच्या भागात. बाळाच्या तोंडातून गुलाबी गोळा बाहेर आलेला बघून घरचे हादरतात, साहजिक आहे. मायक्रोस्कोपखाली ही जिभेवरच्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमरच्या बहिणीसारखी दिसते पण एस-१०० निगेटिव्ह असते, ती वेगळीच गाठ आहे. दूध पिताना, श्वास घेताना अडथळा नसेल तर थांबता येतं, कधी ती आपोआप लहान होते. काढावी लागली तरी मोठी चिरफाड करायची गरज नाही, थोडी राहिली तरी परत येत नाही. आईवडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगा, त्यांच्या झोपेचा प्रश्न आहे. आणि काढलीत तर पाठवा, कारण जबड्यात दुसऱ्या, वेगाने वाढणाऱ्या गाठीही त्या वयात होतात.

आता माझ्या पॅथॉलॉजिस्ट भावंडांनाही दोन शब्द, कारण सगळा दोष क्लिनिकवर टाकणं बरोबर नाही. "बिनाइन स्पिंडल सेल लेजन, क्लिनिकल कोरिलेशन सुचवतो" असं लिहून फाइल बंद करू नका. हे वाचून समोरच्या डेंटिस्टने काय करायचं? तुमच्याकडे मार्कर नसतील तर स्पष्ट लिहा की कुठले मार्कर लागतील आणि ब्लॉक कुठल्याही सुविधा असलेल्या लॅबला पाठवता येईल, ब्लॉक प्रवासाने खराब होत नाही. शंका असेल तर ज्याला सॉफ्ट टिश्यूचा जास्त अनुभव आहे त्याला स्लाइड दाखवा, त्यात कमीपणा नाही, पेशंटचं तोंड आहे ते. आणि तुकडा वरवरचा असेल, खाली काही दिसत नसेल, तर तेच लिहा, अंदाजाने नाव देऊ नका.

मला तुमची बाजूही माहीत आहे. पेशंट म्हणतो आधीच एवढा खर्च झाला, आता त्या तुकड्याचा कशाला वेगळा खर्च. त्यामुळे काढायच्या आधीच, संमती घेतानाच सांगा की गाठ काढणं आणि ती तपासणं हे एकच काम आहे, अर्धं करून थांबता येत नाही. काढून झाल्यावर विचारलं तर तो नाहीच म्हणणार, टाके पडलेले असतात, गाठ गेलेली असते, त्याच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. रिपोर्ट आला की त्याची एक कॉपी पेशंटच्या हातात द्या आणि ब्लॉकचा नंबर कुठे लिहिलाय ते बोटाने दाखवा, "हा कागद फेकू नका, कधी परत गाठ आली तर घेऊन या" एवढंच सांगा.

शेवटचं, फॉर्मवर तुमचा मोबाइल नंबर लिहा. क्लिनिकचा लँडलाइन नको, तो उचलला जात नाही. स्लाइड बघताना मला विचारायचं असतं की गाठ जिभेच्या टोकाला होती की मागे, मुलाचे ओठ जाड होते का, तुम्ही काढलीत तेव्हा ती कवचासकट टुणकन बाहेर आली का, आणि हे तुम्हाला अजून आठवत असतानाच विचारलेलं बरं. पेशंट तपासत असाल तर उचलू नका, नंतर करा, मी लॅबमध्येच असते.

आपली,
एक ओरल पॅथॉलॉजिस्ट